संपणारे खेळ

दर डिसेंबरमध्ये वर्षभरातली चांगली पुस्तकं, चांगली नाटकं, चांगले चित्रपट यांच्या याद्या छापून येतात. व्हिडिओ गेमची अशी यादी आपल्याकडे सहसा कुणी करत नाही. केलीच तर ती घरातल्या मुलांनी करायची आणि मोठ्यांनी कपाळाला हात लावायचा. मी पन्नाशीला टेकलेला माणूस आहे आणि तरीही मी खेळतो. आज तुम्हाला माझ्या आवडीच्या चार खेळांविषयी सांगणार आहे. चारही एकाच वर्षातले, २०१८ मधले. इतक्या वर्षांनी नेमकं तेच वर्ष का, ते आधी सांगतो.

२०१८ हे वर्ष खेळांच्या बाबतीत दोन कारणांनी लक्षात राहिलं. मार्चमध्ये पबजी हा खेळ मोबाईलवर आला आणि बघता बघता आपल्याकडे गल्लोगल्ली पोहोचला. कट्ट्यावर चार मुलं माना खाली घालून बसलेली दिसली की काय चाललंय ते विचारावं लागत नसे. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली, पण ती गोष्ट नंतरची. दुसरं कारण जरा गंभीर आहे. जून २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती प्रसिद्ध केली आणि तिच्यात 'गेमिंग डिसऑर्डर' म्हणजे खेळाचा विकार नोंदवला. हे वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यातली व्याख्या मात्र लोक समजतात तशी सरसकट नाही. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्या गोष्टी खेळापुढे मागे पडतात, नुकसान दिसत असूनही खेळणं थांबत नाही, आणि हे सगळं साधारणपणे वर्षभर चालू असतं, तेव्हा त्याला विकार म्हणायचं. नुसतं खेळणं म्हणजे आजार नव्हे.

मी त्या व्याख्येत बसत होतो का? बहुधा नाही. पण उंबरठ्यावर नक्की उभा होतो. २०१७ च्या अखेरीला माझ्या फोनवर एक फुकटचा खेळ होता. त्याचं नाव महत्त्वाचं नाही, तसे शेकडो असतात. गाव वसवायचं, शेतं पेरायची, ठरावीक तासांनी पीक कापायचं. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती आणि वक्तृत्व स्पर्धेसाठी भाषण पाठ करत होती. मी सोफ्यावर, ती समोर उभी. मी मधूनमधून "हं, छान" म्हणत होतो. थोड्या वेळाने घर एकदम शांत वाटलं म्हणून मान वर केली, तर ती माझ्याकडे बघत उभी होती. म्हणाली, "बाबा, मी मघापासून सतराचा पाढा म्हणतेय."

त्या रात्री तो खेळ मी फोनवरून काढून टाकला. खेळणंच सोडा, असं माझ्या पत्नीचं म्हणणं होतं आणि ते चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. मी मात्र स्वतःला एक नियम घालून घेतला. पुढचं वर्षभर ज्यांना शेवट आहे, असेच खेळ खेळायचे. माझं नशीब असं, की ते पुढचं वर्ष नेमकं २०१८ निघालं.

आता शेवट नसलेला खेळ म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. बुद्धिबळात शह देऊन मात केली की डाव संपतो. लगोरी रचली की डाव संपतो. खो-खोला तर घड्याळच असतं. फुकट मिळणाऱ्या पुष्कळशा मोबाईल-खेळांना मात्र शेवट ठेवलेलाच नसतो आणि त्यामागे सरळ व्यवहार आहे. खेळ विकून पैसे मिळत नसतील, तर ते आतून मिळवावे लागतात, कधी जाहिरातींतून तर कधी खोटी नाणी आणि रत्नं विकून. खेळणारा जितका वेळ आत, तितकी कमाईची शक्यता जास्त. म्हणून मग रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटली. पेटी उघडल्यावर आत काय निघेल ते आधी सांगायचं नाही. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की हात पुन्हा पुन्हा तिकडेच जातो, हे मानसशास्त्रज्ञांनी मोबाईल येण्याच्या कितीतरी आधी प्रयोगांनी दाखवून दिलं आहे. हे खेळ तुमचं लक्ष मागत नाहीत, तुमचा वेळ मागतात. लक्ष दिलं नाहीत तरी चालतं. मी तेच करत होतो, खेळाशीही आणि मुलीशीही.

खेळाचे नियम नुसते नियम नसतात, ते काहीतरी सांगत असतात. ही गोष्ट आपल्याला नवी नाही. सापशिडीचं जुनं रूप म्हणजे मोक्षपट, आणि परंपरा त्याचा संबंध ज्ञानेश्वरांशी जोडते. त्यात शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण आणि शेवटचं घर म्हणजे मोक्ष. कुणी प्रवचन करत नाही. सोंगटी घसरली की मुलाला जे कळायचं ते कळतं. चांगला व्हिडिओ गेम हेच करतो. आता माझे चार खेळ घ्या.

पहिला 'सेलेस्ट', जानेवारीत आलेला. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी आधी अवघ्या चार दिवसांत त्याचं लहानसं रूप बनवलं होतं, मग त्याचाच मोठा खेळ केला. मॅडलिन नावाची मुलगी सेलेस्ट नावाचा डोंगर चढायला निघते. कशासाठी, ते तिला स्वतःलाही धड सांगता येत नाही. तिचं मन थाऱ्यावर नसतं, भीतीचे झटके येतात, श्वास कोंडतो. खेळणाऱ्याने करायच्या क्रिया तीनच. उडी मारायची, भिंत धरून चढायचं आणि हवेत एकदा सूर मारायचा. सूर मारला की तिचे लाल केस निळे होतात. पाय जमिनीला टेकले की पुन्हा लाल. म्हणजे आता आपल्या हाताशी काय उरलंय, ते तिच्या केसांवरून कळतं.

खेळ अवघड आहे. काटे आहेत, कोसळणाऱ्या फळ्या आहेत. पण चुकलात की क्षणात तुम्ही त्याच दालनाच्या तोंडाशी पुन्हा उभे. रागावणं नाही, पहिल्यापासून सुरुवात नाही. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तुम्ही किती वेळा पडलात तो आकडा दिसतो आणि त्याची लाज बाळगू नका, पडलात म्हणजे शिकलात, असंही खेळ तुम्हाला सांगतो. शिखर गाठेपर्यंत माझा आकडा दोन हजारांच्या वर गेला होता. आणखी एक गंमत अशी, की हा खेळ गुपचूप तुमच्या बाजूने असतो. कड्यावरून पाय सुटल्यावर सेकंदाच्या अगदी लहानशा अंशापर्यंत उडीचं बटण दाबलंत, तरी ती उडी धरली जाते. खेळणाऱ्याला वाटतं, आपण बरोबर वेळ साधली. तरीही जमत नसेल तर खेळाचा वेग कमी करण्याची किंवा न पडता पुढे जाण्याची सोय आहे. त्याला कुणी रडीचा डाव म्हणत नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. आरशातून मॅडलिनचीच एक सावली बाहेर पडते आणि तिचा पाठलाग करते. तुम्ही जशा उड्या मारल्यात तशाच ती तुमच्या मागोमाग मारते. बराच वेळ आपण तिच्यापासून पळतो. शिखर गाठता येतं ते मात्र मॅडलिन तिच्याशी समेट करते तेव्हाच, आणि त्या क्षणापासून हवेत एकाऐवजी दोन सूर मारता येतात. आपल्याच भीतीशी जुळवून घेतलं तर बळ वाढतं, हे वाक्य मी अनेक पुस्तकांत वाचलं होतं. इथे ते माझ्या अंगठ्याला समजलं.

दुसरा 'फ्लॉरेन्स'. तो १४ फेब्रुवारीला आला आणि संपायला अर्धा तास लागतो. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या एका लहान चमूने तो बनवला. चमूचे प्रमुख केन वाँग. फ्लॉरेन्स ही पंचविशीतली मुलगी, तिच्या आयुष्यात क्रिश नावाचा चेलो वाजवणारा तरुण येतो. नावावरून ओळखलं असेल, तो भारतीय वंशाचा आहे. दोघांची ओळख, एकत्र राहणं, दुरावणं आणि नंतर फ्लॉरेन्सचं पुन्हा चित्रकलेकडे वळणं, इतकीच गोष्ट. संवाद जवळजवळ नाहीतच.

मग खेळायचं काय? पहिल्या भेटीत बोलण्यासाठी चित्राचे तुकडे जुळवून एक फुगा तयार करायचा, कॉमिकमध्ये असतो तसा. सुरुवातीला तुकडे पुष्कळ असतात, जुळवताना वेळ लागतो. ओळख वाढते तसे तुकडे कमी होत जातात. शेवटी एकच तुकडा, ठेवला की झालं. बोलणं सोपं होणं म्हणजे काय, हे याहून सोप्या रीतीने कुणी सांगेल असं वाटत नाही. पुढे भांडण होतं तेव्हा तेच तुकडे टोकदार होतात आणि आपण घाईघाईने जुळवतो, कारण समोरच्याच्या आधी आपलं वाक्य पुरं व्हायला हवं असतं. क्रिश राहायला येतो तेव्हा फळीवर त्याच्या वस्तूंना जागा करायची असते. तिची कुठली वस्तू काढून आत ठेवायची, ते आपण ठरवायचं. लग्न होऊन सासरी आलेल्या कुठल्याही बाईला हा खेळ समजावून सांगावा लागणार नाही. माझ्या पत्नीने आयुष्यात पुरा केलेला हा एकमेव व्हिडिओ गेम. संपल्यावर फोन परत देत ती एवढंच म्हणाली, "बरा आहे. पण कपाटात तुझंच सामान जास्त आहे."

तिसरा 'इन्टू द ब्रीच', तोही फेब्रुवारीतलाच. मॅथ्यू डेव्हिस आणि जस्टिन मा या दोघांच्या छोट्या कंपनीचा. हा बुद्धिबळाच्या जवळचा. आठ बाय आठचा पट, चौसष्ट घरं. जमिनीखालून राक्षसी किडे वर येतात, तुमच्याकडे तीन यंत्रं असतात आणि पटावर माणसांच्या वस्तीच्या इमारती असतात. आता यातला वेगळेपणा पाहा. शत्रू पुढच्या खेपेला कुठे वार करणार, ते तो आधीच दाखवतो. बुद्धिबळातल्या प्रतिस्पर्ध्याने आपली पुढची चाल पाटीवर लिहून ठेवावी, तसं. आणि घड्याळ नाही. एका चालीचा अर्धा तास विचार केलात तरी चालेल.

सोपं वाटतं ना? पण प्रत्येक वार थोपवण्याइतकी ताकद कधीच नसते. मग एखाद्या किड्याला एक घर बाजूला ढकलायचं, म्हणजे त्याचा वार दुसऱ्याच किड्यावर पडेल. कधी आपलं यंत्रच मध्ये घालायचं आणि घाव सोसायचा. शत्रू किती मारले यापेक्षा वस्ती किती वाचवली, यावर डाव ठरतो. चार-पाच खेपा टिकाव धरला की किडे माघार घेतात. नशिबाचा भाग अगदी थोडा, त्यामुळे हरल्यावर नशिबाला बोल लावता येत नाही. सगळं समोर दिसत होतं, आपण नीट पाहिलं नाही, हे मान्य करावं लागतं. एक मोहीम दोन-तीन तासांत संपते, जिंकून किंवा हरून. पाढ्याचा तो प्रसंग माझ्या मनात अजून ताजा होता, त्यामुळे हा धडा मला जरा जास्तच लागला.

चौथा खेळ ऑक्टोबरात आला. 'रिटर्न ऑफ द ओब्रा दिन'. लुकस पोप यांनी चार वर्षांहून अधिक काळ खपून, जवळजवळ एकट्याने तो बनवला. सगळं चित्रण दोनच छटांत, जुन्या मॅकिन्टॉश संगणकाच्या पडद्यासारखं. ओब्रा दिन हे ईस्ट इंडिया कंपनीचं व्यापारी जहाज. १८०२ साली लंडनहून पूर्वेकडे निघतं, वाटेत बेपत्ता होतं आणि १८०७ मध्ये इंग्लंडच्या फालमथ बंदरात वाहत येतं. त्यावर जिवंत माणूस एकही नसतो. आपण कंपनीचे विमा निरीक्षक. जहाजावरच्या साठ जणांचं काय झालं, ते शोधून नोंदवायचं. जहाज काल्पनिक आहे, कंपनी मात्र खरी. खेळातल्या जहाजाचा पत्ता लागेनासा होतो तो काळ १८०३ चा. त्याच वर्षी सप्टेंबरात या कंपनीच्या फौजा आपल्या जालन्याजवळ असईला शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्याशी लढत होत्या. अशा जहाजांवर आपल्याकडचे खलाशीही असत. ओब्रा दिनच्या यादीतही भारतीय खलाशी आहेत.

आपल्या हातात एक घड्याळ असतं. मृतदेहाजवळ ते उघडलं की मरणापूर्वीचे काही क्षणांचे आवाज ऐकू येतात आणि मग मरणाचा क्षण गोठलेला दिसतो. त्या गोठलेल्या दृश्यात हिंडायचं आणि बघायचं. कुणाचा गणवेश कसा, कोण कुणाच्या शेजारी उभा, बोलण्याची ढब कुठली, पायात बूट कसले. मग वहीत लिहायचं, हा अमुक, तो असा गेला, याने मारलं. तीन जणांचं बरोबर लिहिलं की मगच वही ते पक्कं करते, म्हणजे ठोकताळ्याने फार काळ निभत नाही.

खेळात रक्तपात आहे, लहान मुलांना दाखवू नये. माझी मुलगी तेव्हा नववीत गेली होती. दिवाळीच्या सुट्टीत ती माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि मग खुर्ची ओढून बसलीच. खलाशांपाशी मी दोन दिवस अडलो होतो. चेहरे सारखे, कपडे सारखे, नाव कुणी घेत नाही. तिने विचारलं, "बाबा, या झोळ्यांवर आकडे कसले?" जहाजाच्या पोटात खलाशांच्या झोपायच्या झोळ्या टांगलेल्या होत्या आणि प्रत्येकीला क्रमांकाची पट्टी होती. यादीतल्या नावांनाही क्रमांक होते. मी त्या झोळ्यांमधून पन्नास वेळा गेलो असेन. तिने पहिल्यांदाच पाहिलं होतं.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून तो खेळ पुरा केला. ती वहीत लिहायची, मी फिरायचो. काही लोकांना कुणी नावानेही हाक मारलेली नसते. त्यांचं नाव शोधून काढायला सगळ्यात जास्त लक्ष द्यावं लागतं. शेवटी तुमच्या अहवालावरून कंपनी कुणाच्या कुटुंबाला भरपाई देते, कुणाला दंड करते. म्हणजे नीट पाहिलं तरच न्याय होतो. हा त्या खेळाचा नियम आणि हाच त्याचा आशय.

डिसेंबर २०१८ मध्ये 'द गेम अवॉर्ड्स' या समारंभात वर्षातला सर्वोत्कृष्ट खेळ म्हणून 'गॉड ऑफ वॉर' निवडला गेला. बड्या कंपनीचा, भव्य खेळ. माझ्या चौघांनाही तिथे आपापल्या गटात पारितोषिकं मिळाली. 'सेलेस्ट'ला स्वतंत्र निर्मितीचं, 'फ्लॉरेन्स'ला मोबाईल-खेळाचं, 'इन्टू द ब्रीच'ला डावपेचांच्या खेळाचं आणि 'ओब्रा दिन'ला कलादिग्दर्शनाचं. चारही खेळ मोजक्या माणसांनी बनवलेले आहेत, आणि मी सगळे साध्या संगणकावर नाहीतर फोनवर खेळलो.

एक शंका इथे कुणी घेईल. पबजीचा डावही अर्ध्या तासात संपतो, मग तो संपणारा खेळ नव्हे का? डाव संपतो हे खरं, पण खेळ संपत नाही. लगेच दुसरा डाव उभा असतो आणि मित्र हाका मारत असतात. त्यातही वाईट काही नाही. आम्हीही लहानपणी अंधार पडेपर्यंत गल्लीत क्रिकेट खेळायचो. फरक एवढाच, की अंधार पडायचा. मोबाईलवर अंधार पडत नाही, तो आपला आपण पाडावा लागतो. आणि संपणारे खेळही रात्र खातात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. 'सेलेस्ट'साठी मी दोनदोन वाजेपर्यंत जागलो आहे. पण एक दिवस शिखर आलं आणि खेळानेच मला घरी पाठवलं.

म्हणून मुलांच्या हातातला फोन हिसकावून घेण्याआधी तीन गोष्टी विचारून पाहा. एक, हा खेळ तुझं लक्ष मागतो की नुसता वेळ? दोन, उठायची वेळ झाली हे तो सांगतो का? तीन, उद्या तू गेला नाहीस तर तो तुला शिक्षा करतो का? उत्तरं मुलाकडूनच घ्या आणि तो समजावून सांगत असताना नीट ऐका. हेच प्रश्न मोठ्यांनीही स्वतःला विचारायला हरकत नाही. मला ते एका पाढ्याने विचारायला लावले.

त्या दिवाळीत आम्ही वहीत साठावं नाव लिहिलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मुलीने विचारलं, "आता पुढे काय?" मी म्हणालो, "काही नाही. संपला." संगणक बंद केला. मग त्या जहाजावर खरा धीराचा माणूस कोण होता, यावर आमचा वाद सुरू झाला, तो तिची आई "झोपा आता" म्हणेपर्यंत चालला.